सेन्सर आणि साडू

माणसाच्या पोटात दुखायला शिळंपाकं खावं लागतं असं नाही. एक साडू असला तरी पुरतो. ही गोष्ट ज्याची, त्याला असा एकच साडू होता आणि तो पुरून उरला होता.

या गृहस्थाला गल्लीत सगळे खोलू म्हणत. दिसेल ती वस्तू खोलून बघायची, हा त्याचा लहानपणापासूनचा नाद. आधी घरातलं घड्याळ खोललं, मग शेजाऱ्यांचा रेडिओ, आणि चौथीत असताना शाळेची घंटा उतरवून तिचा लोलक कसा अडकवलाय ते बघत मागच्या भिंतीआड बसला. घंटा नाही म्हणून शाळा सुटेना. त्या दिवशी शाळा दीड तास जास्त भरली आणि बाईंनासुद्धा घरी कसं जावं ते कळेना. मोठेपणी त्यानं एक छोटा ट्रक घेतला, फरश्या आणि दारं-खिडक्या वाहिल्या, आणि सोळा वर्षांत त्या ट्रकला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही.

साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा. धंदा तोच, मालवाहतुकीचा. पण माणूस असा की, दिवसभर ट्रक चालवून आला तरी शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. बुटाकडे बघून भांग पाडावा. वर स्वभावानं गोड. खोलूला सगळ्यात जास्त डाचायचं ते हेच. माणूस वाईट असता तर उघडउघड भांडता आलं असतं. चांगल्या माणसाविरुद्ध काय बोलायचं? साडूला कावीळ झाली तेव्हा खोलू तीन दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसला. लोक म्हणाले, बघा कसं प्रेम आहे. प्रेम होतंच, पण भेटायला किती माणसं येतात तेही तो मोजत होता. एकोणचाळीस झाली. त्याचा स्वतःचा पाय मोडला होता तेव्हा बावीस आली होती, आणि त्यात एक वीजमीटर बघायला आलेला.

गेल्या वर्षी साडूनं नवा कोरा ट्रक घेतला. आत गारवा, बटण दाबलं की वरखाली होणारी सीट, समोर टीव्हीसारखा पडदा. खोलू बघायला गेला, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, “आरसे चांगले आहेत.” घरी येऊन त्यानं आपला ट्रक तीन तास धुतला.

हे सगळं त्यानं गिळलं असतं. घशात अडकली ती लेकीची गोष्ट. एकुलती एक लेक. ती पाळण्यात असल्यापासून त्यानं ठरवलं होतं की, हिला गाडी मी शिकवणार. आणि ती शिकायच्या वयाची झाली तेव्हा नेमका यानं गिअरबॉक्स खोलून अंगणात मांडलेला. आठ दिवस तो दातेरी चाकं पुसत बसला आणि तेवढ्यात साडूनं तिला चार दिवसांत शिकवून सोडलं. “काकांचं स्टिअरिंग किती हलकं आहे, बाबा,” असं ती घरी येऊन म्हणाली. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

तर आता लेक नर्स झाली होती आणि घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे रविवारी सकाळी तिचं सामान न्यायचं: कपाट, पलंग, टेबल, पुस्तकांची सहा खोकी, भांडी. ते सामान आपल्या ट्रकमधून जाणार, यावर खोलूचा जीव अडकला होता. कपाट कुठल्या बाजूला उभं करायचं, पलंगाच्या पाट्या कशा सरकवायच्या, हे त्यानं कागदावर काढून ठेवलं होतं. दोरसुद्धा नवा आणला होता. पहिल्या घराला बापानं पोचवायचं, काकानं नाही.

आणि बुधवारी ट्रक रस्त्यात मेला.

मेला म्हणजे अगदी न सांगता. चांगला चाळीसच्या वेगानं चालला होता, इंजिन तापलं, आणि कुणी दिवा मालवावा तसं बंद. सेल्फ मारला तर इंजिन गरगर फिरायचं पण पेट घ्यायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबला, गार झालं, की पहिल्या हाताला चालू. घरी पोचेपर्यंत तीनदा असं झालं. खोलूनं घरी कुणाला काही सांगितलं नाही. पण तो जेवताना सारखा दाराबाहेरच्या ट्रककडे बघत होता, तेवढ्यावरून बायकोनं ओळखलं, आणि बायकोला कळलं म्हणजे तिच्या बहिणीला कळलं. दोन बहिणींमधला फोन म्हणजे फुटकी घागर. भरायच्या आधीच गळते.

गुरुवारी सकाळी साडू हजर. हातात छोटी डबी, तिला वायर. ती वायर त्यानं खोलूच्या ट्रकच्या सॉकेटमध्ये खुपसली, पडद्यावर अक्षरं उमटली, आणि चष्मा सरसावत त्यानं वाचून दाखवलं: क्रँकचा सेन्सर. म्हणजे इंजिन किती फिरलं ते मोजून सांगणारा बोटाएवढा तुकडा. तापला की आंधळा होतो. तो आंधळा झाला की डिझेल कधी सोडायचं ते इंजिनाला कळत नाही.

हे सांगून साडू थांबला असता तर बरं. पण त्यानं तिथल्या तिथे वर्कशॉपला फोन लावला. तिकडून सांगितलं की, या गाडीत तो सेन्सर इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो, हात जात नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मंगळवारी आणा.

“मग रविवारी माझीच गाडी काढू,” साडू म्हणाला. “तुम्ही काळजी नका करू, साडूभाऊ. पोरीचं सामान म्हणजे माझंच सामान.”

हे शेवटचं वाक्य खोलूला विंचवासारखं लागलं. लेक ओट्याशी उभी होती. ती काही तरी बोलेल म्हणून तो बघत राहिला. ती म्हणाली, “मला काय, दोन्ही गाड्या सारख्याच.”

भांडण मिटावं म्हणून बिचारी म्हणाली. पण सारख्याच? सोळा वर्षं एकीकडे आणि वरखाली होणारी सीट एकीकडे? खोलू ताडकन उठला आणि त्यानं जाहीर केलं की, हा ट्रक शनिवारी संध्याकाळपर्यंत चालू होईल, वर्कशॉपशिवाय. आणि नाही झाला तर? तर साडूच्या ट्रकमध्ये सामान तो स्वतःच्या हातानं चढवेल. बोलून बसला. आता ते गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

शहाणा माणूस लगेच सेन्सर आणून कामाला लागला असता. खोलूनं नवा सेन्सर आणला खरा, पण खिशात ठेवून दिला. त्याला मनातून खात्री वाटत होती की दोष दुसराच असणार. का? कारण सेन्सर आहे असं साडू म्हणाला होता. साडूची डबी खरं बोलते हे मान्य करण्यापेक्षा अख्खं इंजिन उतरवणं त्याला सोपं वाटलं. म्हणून शुक्रवार पूर्ण त्यानं डिझेलच्या लाइनीत घालवला. फिल्टर बदलला, पाइपांतली हवा काढली, टाकीच्या तळाशी हात घालून गाळ चाचपला, वायरींचा एकेक सांधा घासून लख्ख केला. संध्याकाळी ट्रक चालू केला तेव्हा आवाज सुरेख होता. खोलू गल्लीच्या टोकापर्यंत छाती काढून गेला. तिथल्या वळणावर इंजिन तापलं आणि बंद. घरापर्यंत ढकलत आणताना गल्लीतल्या सात जणांनी हात लावला. आठवा मेव्हणीकडचा दूधवाला होता, म्हणजे बातमी पोचणार.

एक दिवस असा स्वतःच्या हातानं मातीत घालवून शनिवारी सकाळी खोलूनं सीट काढली. या ट्रकचं इंजिन सीटखाली असतं. वरचं झाकण उघडलं की समोर इंजिनाची पाठ दिसते, आणि पाठीमागे, केबिनच्या पत्र्याला लागून, एक अंधारी चीर. त्या चिरीत त्यानं कोपरापर्यंत हात घातला. बोटांना वायरीचं कपलर लागलं. चिमटीत धरून त्याची कळ दाबली, कपलर सुटलं. तिथून पुढे बोटांना सेन्सरचं डोकं लागत होतं, त्याच्या बाजूला बोल्टही लागत होता, पण त्या फटीत पाना फिरवायला टाचणीएवढी जागा नाही. डोळा जातो तिथे हात नाही, हात जातो तिथे डोळा नाही.

बोल्टचं तोंड मागच्या बाजूला होतं. मग खालून. जॅक लावला, टेकूला घोड्या दिल्या, पाठीखाली पोतं टाकून तो गाडीखाली सरकला. गिअरबॉक्सच्या डोक्यावरून लांब एक्स्टेन्शनचे तीन तुकडे जोडून त्यानं दहाची गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना, आत सारली. गोटी बोल्टवर बसायची आणि फिरवली की सटकायची. नऊची घेतली, बसेना. अकराची घेतली, नुसती गरगरली. पाऊण तास हे चाललं. कपाळावर तेलाचे थेंब पडत होते आणि त्याच्या डोळ्यांसमोर साडूच्या ट्रकमध्ये चढणारं कपाट दिसत होतं.

मग तो बाहेर आला आणि स्वयंपाकघरात गेला. बायको कणीक मळत होती. त्यानं परातीतला लिंबाएवढा गोळा उचलला. ती म्हणाली, भूक लागली असेल तर भाजून देते, असा कच्चा खाऊ नका. त्यानं तो गोळा एका लांब पट्टीच्या टोकाला थापला, पुन्हा गाडीखाली गेला, पट्टी आत सारून बोल्टच्या तोंडावर गोळा दाबला आणि हळूच मागे घेतला. उजेडात बघितलं तर कणकेवर छाप उमटली होती: गोल डोकं, मधोमध एक उंचवटा, आणि त्या उंचवट्याला सहा पाकळ्या. म्हणजे बोल्टला बाहेरून कोन नव्हतेच. डोक्यात सहा पाकळ्यांचा खड्डा होता. त्याला बाहेरून गोटी नाही, आत बसणारी स्टारची की लागणार.

न बघता बोल्टचं तोंड बघितलं, याचा त्याला एवढा आनंद झाला की ती छाप घेऊन तो घरभर फिरला. लेकीला दाखवली. ती हसून म्हणाली, “बाबा, दातांचे डॉक्टर ठसे असेच घेतात.” त्यानं तो गोळा जपून खिडकीत ठेवला.

आनंद ओसरल्यावर लक्षात आलं की त्याच्या पेटीत स्टारची की नाही. सोळा वर्षांच्या पेटीत होतं नव्हतं ते सगळं होतं, हेच तेवढं नव्हतं. हार्डवेअरचं दुकान शनिवारी दुपारी बंद. तो पायरीवर डोकं धरून बसला. बायकोनं बहिणीला फोन लावला. पंधरा मिनिटांत साडू मेव्हणीला घेऊन आला. नव्या ट्रकबरोबर मिळालेली हत्यारांची पेटी त्याच्या हातात होती, पेटीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून फाडलेला नव्हता. आत मखमलीत एकापेक्षा एक झळकणारी हत्यारं, आणि स्टारच्या किल्ल्यांची अख्खी ओळ. खोलूनं त्या पेटीकडे असं बघितलं, जसं उपाशी माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं.

बायको, मेव्हणी आणि लेक पडदे-बादल्या आणायला बाजारात गेल्या. आता घरी दोघे साडू आणि मध्ये एक बंद ट्रक.

चौथी की बरोबर बसली. बोल्ट कुरकुरला आणि सुटला. वरून हात घालून खोलूनं सेन्सर ओढला तर तो जागचा हलेना. उष्णतेनं फुगून भोकात घट्ट बसला होता. घाई केली असती तर तुकडा आत राहिला असता, मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागला असता. त्यानं तेल सोडलं आणि वाट बघितली. डावीकडे केसभर, उजवीकडे केसभर. अर्धा तास. साडू खुर्चीवर बसून एवढंच विचारत होता की, आला का? आणि खोलू प्रत्येक वेळी दात आवळून म्हणत होता, येतोय. शेवटी तो आला, टोकाला लोखंडाच्या भुकटीची दाढी घेऊन.

नवा बसवताना खरी पंचाईत झाली. सेन्सर वरून भोकात दाबून धरायचा आणि त्याच वेळी खालून बोल्ट लावायचा. हात सोडला की सेन्सर वाकडा होतो आणि बोल्टचं भोक सरकतं. एक माणूस वर पाहिजे, एक खाली. खोलूनं तीनदा एकट्यानं करून बघितलं. दोरीनं बांधून बघितलं, लाकडाची पाचर मारून बघितली. बायका येईपर्यंत थांबावं असंही मनात आलं. पण ऊन कलायला लागलं होतं.

“जरा वरून हात घालता का?” त्यानं गाडीखालूनच विचारलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

साडू लगबगीनं उठला. इस्त्रीची बाही कोपरावर दुमडली आणि चिरीत हात घातला. दंडापर्यंत काळं तेल लागलं, शर्टाच्या छातीवर वंगणाचा पट्टा उमटला. खालून फटीतून ते बघून खोलूला, खरं सांगायचं तर, साडू पहिल्यांदाच आवडला.

“कुठे दाबू?”

“पुढे. बोटानं नाही, तळव्यानं. आणि हलू नका.”

खोलूनं कीच्या टोकाला कणीक लावून त्यावर बोल्ट चिकटवला, म्हणजे वाटेत पडणार नाही. गिअरबॉक्सवरून तो आत नेला. डोळे मिटले. आधी उलटा फिरवला, हळू, आट्याला आटा भेटेपर्यंत, बारीक ‘टक’ झालं, मग सुलटा. पहिला आटा लागला, दुसरा लागला. पुढे नुसता आवळायचा राहिला. वर साडूनं श्वाससुद्धा रोखून धरला होता. कपलर लावून सेल्फ मारला आणि ट्रक चालू झाला. अर्धा तास तापवला, गल्लीला चार फेऱ्या मारल्या, बंद पडला नाही.

तेवढ्यात बायका आल्या. खोलू चाकाजवळ हात पुसत होता, सांगायला तोंड उघडणार, तोच साडूनं आपला काळा हात लग्नातल्या मेंदीसारखा पुढे केला आणि म्हणाला, “आम्ही बसवला. वरून मी धरला, खालून यांनी.”

झालं. मेव्हणी ओरडली, शर्टाचं काय केलंत. बायको साबण घेऊन धावली. आणि लेक हसत हसत म्हणाली, “काका, तुम्ही? अन् ग्रीसमध्ये?” तिनं कौतुकानं त्या हाताचा फोटो काढला. साडूचा हात एक मिनिट आत होता. दोन दिवस पाठीवर लोळलेला माणूस चाकाजवळ उभा, नखशिखांत तेलात, आणि त्याचा फोटो नाही. कारण तो काळा असतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. खोलूनं फडकं पिळलं, ते कोरडं होतं तरी पिळलं.

रविवारी सकाळी सामान कागदावर काढलं होतं तसंच चढलं. कपाट उतरवायला हात लागेल म्हणून साडूही निघाला. केबिनमध्ये खोलू चालवायला, खिडकीशी लेक, आणि मध्ये, इंजिनाच्या बरोबर वर, साडू. गाव मागे पडलं आणि साडूनं गोष्ट काढली. तळवा कसा दाबला, बोटं कशी बधिर झाली, श्वास कसा रोखला. घाटाच्या पायथ्याला ती गोष्ट तिसऱ्यांदा सुरू झाली. खोलूचं लक्ष रस्त्यावर आणि कान इंजिनावर. चढ सुरू झाला, काटा तापमानाच्या मधल्या खुणेवर गेला. बुधवारची गाडी इथेच मेली असती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ट्रक ओढत राहिला.

“काका,” लेक मध्येच म्हणाली, “पण आत काही दिसत नव्हतं, तर बोल्ट भोकात गेला ते कळलं कसं?”

साडूनं आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. त्यानं खोलूकडे बघितलं.

आता इथे खोलूला साडूला एका वाक्यात झोपवता आलं असतं. वाक्य जिभेवर तयारही होतं. पण कुणास ठाऊक काय झालं, तो म्हणाला, “काकांनी धरला म्हणून गेला. नाही तर लागला नसता.” एवढं बोलला आणि पुढची दोन वळणं पस्तावला.

“ते ऐकलं मी,” लेक म्हणाली. “तीनदा. मी विचारतेय, कळलं कसं? मलाही हे करावं लागतं, बाबा. शीर दिसत नाही, आणि सुई घालायची असते. शिकताना सुपरवायझर बाई म्हणायच्या, कळेल. कसं कळेल ते सांगायच्या नाहीत.”

खोलूनं काच खाली केली, पुन्हा वर केली. मग सांगायला लागला. आधी डोळे मिटायचे, कारण डोळे उघडे असले की हात आळशी होतो. जोर मनगटात ठेवायचा नाही. आधी उलट फिरवायचं, घाई न करता, मग ती जागा आपणहून सांगते. लेक स्वतःचा अंगठा स्वतःच्या मनगटावर ठेवून ऐकत होती. मध्ये बसलेला साडूही आपला अंगठा बघत होता.

थोड्या वेळानं साडूनं गिअरकडे बोट केलं. “चढ कधीच संपला, साडूभाऊ. अजून तिसराच? पोचायला उशीर होईल. ओढत नाही का गाडी?”

“ओढते की,” खोलू म्हणाला, आणि गाडी तिसऱ्यातच ठेवून पुढचं सांगू लागला.